कंदिलाची काच



यंदा पर्युषणाच्या आधी माळा आवरायला काढला तेव्हा गोणपाटात गुंडाळलेला एक कंदील खाली आला. टाकीला गंज, वात वाळून काडीसारखी झालेली, आणि मधली काच नाहीच. मी तो अंगणात ठेवला आणि विसरले. संध्याकाळी धाकट्या दिरांच्या नजरेला पडला. त्यांच्या ओळखीच्या एकांचं भंडारदऱ्याच्या बाजूला तंबूंचं रिसॉर्ट आहे. त्यांना जुने कंदील हवेत, जेवणाच्या जागी टांगायला. आत एलईडी बसवतात म्हणे. दीड हजार द्यायला तयार आहेत. दीर सासूबाईंना म्हणाले, "गंजून मातीत जायच्या आधी देऊन टाकू."

सासूबाई तूर निवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "तिला विचार. त्याची काच तिनं फोडलीय."

खरं आहे ते. लग्न होऊन मला तीन महिने झाले होते. अकोल्यात तेव्हा पावसाळ्यात वीज गेली की दोन-दोन दिवस यायची नाही. संध्याकाळी कंदील लावून झाला, काचेवर काजळीचा एक ओघळ दिसला, आणि नव्या सुनेच्या उत्साहात मी हातातलं ओलं फडकं त्यावर फिरवलं. टच्च असा आवाज झाला आणि काच उभी तडकून दोन तुकडे झाली. दादीसा, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, सामायिकात बसल्या होत्या. सामायिक पारेपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या काय बोलल्या ते पुढे सांगते. आधी कंदिलाबद्दल, कारण त्या प्रसंगानंतर मला कळलं की हा आमच्या घरातला साधा दिवा नव्हता. आणि गेले दोन महिने मी त्याच्या मागे लागून जे वाचलं त्यावरून तो कोणाच्याच घरातला साधा दिवा नव्हता.

आमच्या घरी सूर्यास्तानंतर चूल पेटत नसे. चौविहार. मग दिवा कशाला, असं माहेरच्या एका मैत्रिणीनं मला विचारलं होतं. दिवा प्रतिक्रमणाला नको असतो, ते तोंडपाठ असतं. पण तान्हं मूल असतं, आजारी माणूस असतं, दुकानाची वही असते, गोठ्यात म्हैस व्यालेली असते. अंधारात पाय कुठे पडतोय ते दिसलं नाही तर तीही विराधनाच. म्हणून दिवा लागायचा, पण उघडा लागायचा नाही. दादीसांच्या सासरी, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा, कोनाड्यात तेलाची दिवली असायची आणि स्वयंपाकघरात रॉकेलची चिमणी. (गंमत बघा, इंग्रजीत काचेच्या नळीला चिमणी म्हणतात आणि आपण ज्या दिव्याला काच नसते त्याला चिमणी म्हणतो.) पाऊस सुरू झाला की पतंगे यायचे. अकोल्याच्या पश्चिमेला रतनवाडी-घाटघरकडे पाऊस पडायला लागला की इकडे किड्यांचे थवे उठतात, हे आपल्याकडच्या कोणालाही सांगायला नको. सकाळी दिवलीच्या खाली चिमूटभर जळलेले पंख. दादीसा ते पूंजणीनं गोळा करायच्या आणि त्या दिवशी नवकारसीऐवजी पोरसी करायच्या. स्वतःला लावून घेतलेला दंड. घरात काचेचा कंदील आला आणि तो दंड जवळजवळ संपला, असं त्या सांगायच्या. पतंगा काचेवर आपटतो, फिरतो, बसतो, पण ज्योतीत पडत नाही. वरच्या झाकणातून एखादा जातोच, म्हणून त्या झाकणावर पातळ तारेची जाळी बसवून घेतली होती. ती अजून आहे.

दादीसांना काचेचं शास्त्र ठाऊक नव्हतं, जयणा ठाऊक होती. शास्त्र मी आता वाचलं.

दिव्याच्या ज्योतीभोवती काचेची नळी घालायची कल्पना आमी आर्गां या जिनिव्हाच्या माणसानं १७८०च्या दशकात रूढ केली. त्याआधी दिवे हजारो वर्षं उघडेच होते. नळी वाऱ्यापासून आडोसा करते हे तर दिसतंच, पण तिचं मोठं काम वेगळं. आत हवा तापते, हलकी होऊन वर जाते, आणि तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते. चुलीला आपण फुंकणीनं वारा घालतो, तसा वारा काच न दमता घालत राहते. म्हणून ज्योत पांढरी होते, थरथरत नाही, धूर कमी. पुढे १८५०च्या दशकात रॉकेल आलं. ते करडीच्या किंवा एरंडीच्या तेलासारखं घट्ट नाही, वातीतून भराभर चढतं, त्यामुळे उजेड भरपूर पण काचेशिवाय काजळीही भरपूर. कंदिलाच्या दोन बाजूंना ज्या पोकळ नळ्या असतात त्या धरायला नसतात. त्यातून हवा खाली बर्नरपर्यंत येते, म्हणून वावटळीतही तो विझत नाही. अमेरिकेतल्या डीट्झ नावाच्या कारखान्यानं असे कंदील जगभर विकले. जर्मनीचेही यायचे.

आणि माझ्या हातून काच का फुटली? काच उष्णता लवकर पुढे पाठवत नाही. गरम काचेवर ओलं फडकं लागलं की तेवढाच भाग आकसतो, शेजारचा फुगलेलाच राहतो, आणि त्या ओढाताणीत ती तडकते. साधी काच वाळू, सोडा आणि चुना यांची. जर्मनीत येना गावी ऑटो शॉट यांनी १८८०-९०च्या सुमारास त्यात टाकणखाराच्या जातीचं द्रव्य घालून अशी काच केली की ती तापल्यावर साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच फुगते. ती पहिल्यांदा ज्या गोष्टींना वापरली त्यात दिव्यांच्या काचा होत्या. आज आपल्या ओट्यावर बोरोसिलचं जे भांडं असतं, ज्यात दूध तापवून थेट फरशीवर ठेवलं तरी काही होत नाही, ते त्याच जातीचं. (फ्रीजमधून काढून एकदम गॅसवर मात्र ठेवू नका, सगळ्याला मर्यादा आहे.)

दिरांना मी म्हटलं, आठ दिवस थांबा. गंजलेली टाकी चिंचेनं घासली. त्यावर उमटवलेली अक्षरं झिजली होती, पण बोटानं चाचपत 'ओगले' एवढं लागलं. आणि मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, प्रभाकर कंदील म्हणायचे त्याला."

प्रभाकर म्हणजे सूर्य. पण कंदिलाला ते नाव सूर्यावरून पडलेलं नाही. ओगले बंधूंच्या वडिलांचं नाव प्रभाकर. पण ओगल्यांकडे जायच्या आधी तळेगावला जावं लागतं.

तळेगाव दाभाडे आपण पुण्या-मुंबईला जाताना रेल्वेतून बघतो. शंभर वर्षांपूर्वी त्या गावाची ओळख काच होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी एक कल्पना मांडली: प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यायचा, आणि त्या पैशातून देशात उद्योग उभा करायचा. एकच पैसा. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे. म्हणजे चौसष्ट घरं फिरलं की एक रुपया जमायचा. हिशेब करणाऱ्या घरात वाढलेली मी, मला हे वाचून पहिल्यांदा हसू आलं आणि मग हसू गेलं. शंभर रुपयांसाठी सहा हजार चारशे माणसांसमोर हात पुढे करायचा. सावकाराकडून एका सहीत मिळाले असते. पण मग कारखाना सावकाराचा झाला असता. लोकमान्य टिळकांनी या पैसा फंडाला पाठबळ दिलं. आणि जमलेल्या पैशातून काय काढायचं, तर काच.

काचच का? बांगडी, कंदिलाची काच, औषधाची बाटली, आरसा, बरणी, प्रत्येक घरात काच लागायची आणि ती जवळजवळ सगळी बाहेरून यायची. ऑस्ट्रियातून बांगड्या आणि मणी, इतर युरोपातून दिव्यांच्या काचा, नंतर जपानमधून सगळंच. इथे वाळू होती, चुना होता, माणसं होती. भट्टी सांभाळायचं ज्ञान नव्हतं. त्याआधी देशात निघालेले काही काचकारखाने बंद पडले होते, ते मुख्यतः याच कारणानं. म्हणून ईश्वरदास वार्ष्णेय हे उत्तरेकडचे तरुण काच शिकायला आधी जपानला आणि मग अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले. परत आल्यावर १९०८ मध्ये तळेगावचा पैसा फंड काच कारखाना त्यांनी चालू करून दिला. त्याच वर्षी जून महिन्यात टिळकांना अटक झाली आणि जुलैत सहा वर्षांची शिक्षा. तळेगावात भट्टी पेटायच्या वर्षी तिचा पाठीराखा मंडालेला निघाला होता.

तळेगावचा मोठेपणा मालात कमी आणि शिकवण्यात जास्त होता. तिथे काम शिकलेली माणसं पुढे देशातल्या इतर काचकारखान्यांत गेली. वार्ष्णेयांनीही पुढे उत्तर प्रदेशात बहजोई इथे आपला कारखाना काढला. एक पैसा देणाऱ्याला त्या पैशाची पावती अशी मिळाली. मला हे फार आवडलं, कारण आपल्या पाठशाळा, पांजरपोळ, आयंबिल खाते अशाच बारीक बारीक पैशांवर चालतात. मोठ्या देणगीदाराचं नाव संगमरवरावर लागतं. पांजरपोळीचा रोजचा चारा गोलकातल्या नाण्यांतून येतो.

मग ओगले. १९१६ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काचकारखाना काढला. औंधच्या पंतप्रतिनिधींचा त्यांना आधार होता, जसा किर्लोस्करांनाही होता. वेळ बरोबर साधली. युद्धामुळे ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल बंद झाला होता आणि बाजारात काच मिळत नव्हती. कारखान्याभोवती वस्ती झाली, तिचंच नाव ओगलेवाडी. कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन आज तिथेच आहे. सुरुवातीला ते काचा, बाटल्या, बरण्या करायचे. पण नुसती कंदिलाची काच विकायची आणि कंदील परदेशी घ्यायचा, हे पटेना, म्हणून १९२०च्या दशकात पूर्ण कंदीलच करायला घेतला. पत्र्याची टाकी, बर्नर, खटका, तारेचा पिंजरा आणि काच, सगळं आपलं. वडिलांच्या नावानं 'प्रभाकर'. महाराष्ट्रात कंदील म्हणजे प्रभाकर असं समीकरण कितीतरी वर्षं होतं. वीज गावोगाव पोचली तशी मागणी घटत गेली आणि पुढे कारखाना बंद पडला.

एक काच कशी व्हायची ते ऐका. भट्टीत साधारण पंधराशे अंशांवर वाळू, सोडा, चुना वितळून मधासारखं झालेलं असतं. कारागीर लांब लोखंडी नळीच्या टोकाला त्याचा गोळा उचलतो आणि फुंकतो. ती फुंकणीच. गोळा फुग्यासारखा फुगतो, साच्यात धरून त्याला पोट काढतात, दोन्ही टोकं कापून कडा आगीवर गुळगुळीत करतात. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, ती घाईनं थंड होऊ द्यायची नाही. वेगळ्या भट्टीत हळूहळू निववायची, नाहीतर आतला ताण तसाच राहतो आणि महिन्यानं कपाटात ठेवलेली काच आपोआप फुटते. मूळ भट्टी तर दिवस-रात्र, महिनोन्महिने जळत ठेवावी लागते, कारण विझवली तर आतली वितळलेली काच आणि भट्टीच्या विटा दोन्ही वाया.

हे वाचलं आणि मी अडकले.

आपण प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानं म्हणतो. श्रावकानं करू नयेत असे पंधरा धंदे. त्यातलं पहिलंच इंगालकम्मे, अंगारकर्म. भट्ट्यांचे, कोळशाचे, विटा भाजायचे धंदे. काचेची भट्टी याहून वेगळी कुठे? तेउकायाची अखंड विराधना, खालून पृथ्वीकाय उपसलेला, वर कोळसा. आणि त्यातून जी वस्तू निघाली तिनं आमच्या घरातल्या पतंग्यांना वाचवलं. दादीसांचा दंड संपला, पण त्याची किंमत ओगलेवाडीच्या भट्टीत भरली गेली होती. आपल्या समाजातली माणसं काचेची दुकानं थाटतात, काचेच्या बरण्यांतून लोणची विकतात, पण भट्टी दुसऱ्यानं चालवायची. हे मला नीट वाटत नाही.

या चातुर्मासात स्थानकात ज्या महासतीजी आहेत त्यांना मी दुपारच्या वेळी विचारलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, घरच्या उपयोगाला दोष नाही. त्या म्हणाल्या, "दोष नाही असं कोणी सांगितलं? कमी वापर, जपून वापर. आणि विराधना दुसरीकडे झाली म्हणून झालीच नाही असं म्हणू नकोस." मग विचारलं, "तुमच्या घरी ती एक काच किती वर्षं चालली?" मी हिशेब केला. सासूबाईंच्या लग्नाआधीपासून ते माझ्या लग्नापर्यंत, म्हणजे तीस वर्षांच्या वर. मी खाली बघत होते. तीस वर्षं चाललेली काच मी तीन महिन्यांत घालवली होती.

हाच प्रश्न बांगडीचा. आपल्या मारवाडकडच्या बायका पूर्वी लग्नात हस्तिदंती चूडा घालायच्या. दादीसांच्या आईचा होता. रोजच्या वापराला लाखेच्या. आता पुन्हा कर्मादानांची यादी आठवा: दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य, दोन्ही त्यात आहेत. हत्तीचा दात हत्ती मेल्याशिवाय सहसा मिळत नाही. लाख तर किड्यांनी झाडावर केलेली, ती खरवडताना किती किडे मरतात त्याला मोजमाप नाही. घरातले पुरुष ज्याचा व्यापार करणार नाहीत म्हणून व्रत घेतात, ते घरातल्या बाईच्या मनगटावर सौभाग्य म्हणून मिरवायचं, हे किती शतकं चाललं कोण जाणे. देशी हस्तिदंताचा व्यापार कायद्यानं बंद झाला तो १९८६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी आपण इकडे महाराष्ट्रात आल्यावर इथल्या कासाराकडून काचेचा चुडा भरायला लागलो होतो. ते धर्म म्हणून नव्हे, शेजारणींचं बघून. पण झालं बरंच झालं. हत्ती, किडा आणि आग या तिघांत आग निवडली, एवढंच म्हणता येईल.

आणि काचेची बांगडी इकडे नवी नाही. आपली प्रवरा रतनगडाकडून निघते, अकोल्यावरून, संगमनेरवरून पुढे नेवाशाला जाते. त्या नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी १९५४ ते ५६ मध्ये उत्खनन केलं. सातवाहन काळाच्या थरात काचेचे मणी निघाले, आणि वरच्या, मुसलमानी अमदानीच्या थरात रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे. आपण नेवासं ज्ञानेश्वरांमुळे ओळखतो. पण त्याच नदीकाठी कुठल्यातरी बाईच्या हातातली बांगडी वाढली होती आणि तिनं तुकडे बाहेर टाकले होते, एवढी साधी गोष्टही जमिनीनं सांभाळून ठेवली.

वाढली म्हणाले मी. आता दादीसा काय बोलल्या ते सांगते.

सामायिक पारून त्या उठल्या. मी दोन तुकडे हातात घेऊन रडकुंडीला आले होते. म्हटलं, "दादीसा, काच फुटली." त्या म्हणाल्या, "फुटली म्हणू नये गं. वाढली म्हण." सगळे गप्प झाले. मला वाटलं माझ्या चुकीमुळे. रात्री सासूबाईंनी सांगितलं. दादीसांना एकोणतिसाव्या वर्षी वैधव्य आलं. तेव्हा घरच्या बायकांनीच त्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या दगडावर हात ठेवून फोडल्या होत्या. मुद्दाम फोडल्या होत्या, म्हणून त्या दिवशी कोणी वाढल्या म्हटलं नव्हतं. त्यानंतर चाळीस वर्षांच्या वर त्यांनी काच हातात घातली नाही. पण घरातल्या कंदिलाची काच रोज संध्याकाळी फक्त त्याच पुसायच्या. राखेनं, मग कोरड्या मलमलीनं. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आणि मी, हातात दोन-दोन डझन हिरवा चुडा भरलेली, ओलं फडकं घेऊन पुढे झाले होते.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की गावात विधवेच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. हेरवाड काही जैनांचं म्हणून ओळखलं जाणारं गाव नाही, पण तो सगळा भाग, कोल्हापूर-सांगली, आपल्या दिगंबर शेतकरी बांधवांनी भरलेला आहे. आपल्या आगमांत कुठे लिहिलंय की नवरा गेला की बाईची बांगडी फोडावी? मी शोधलं, विचारलं. आपल्यात जे चालतं ते शेजारच्यांकडून आलेलं, चुडा भरणं आलं तसंच. चुडा ठेवायचा आणि दगड सोडायचा, असं करायला कोणी अडवलेलं नाही. आमच्या मंडळात मी हे बोलले तेव्हा तिघी उठून गेल्या. दोघी नंतर घरी आल्या.

काचेनं आपल्या धर्माला आणखी एका बाजूनं साथ दिली, ती थोडक्यात सांगते. पाणी गाळून प्यावं हे आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. नेदरलँडमधल्या डेल्फ्ट गावात अँटनी व्हॅन लेव्हेनहुक नावाचा कापड दुकानदार होता. कापडाचा धागा तपासायला दुकानदार भिंग वापरत. आमच्या दुकानातही एक आहे. त्यानं स्वतः काच घासून मसुराच्या डाळीएवढी भिंगं केली आणि त्यातून पाणी बघितलं. १६७६ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवलं की पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव फिरत आहेत. आपल्याकडच्या तक्त्यांवर एका थेंबात ३६,४५० जीव असा आकडा लिहिलेला असतो. मला वाटतं त्या आकड्याची आपल्याला गरज नाही. थेंबागणिक संख्या बदलते. जीव आहेत एवढं भिंगातून दिसलं, आणि गळणं तर आपण त्याआधीपासून बांधतच होतो. पोरांना आकडा पाठ करायला लावण्यापेक्षा शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली विहिरीचा एक थेंब दाखवावा.

आणि हो, कोणीतरी विचारेलच म्हणून इंदूरचं काच मंदिर. सर सेठ हुकुमचंदांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं. भिंती, खांब, छत, जमीन, सगळीकडे काच. मूर्तीसमोर उभं राहिलं की आरशांत असंख्य मूर्ती दिसतात. कोलकात्याला बद्रीदासांचं मंदिर १८६७ चं, तिथेही काचेचं काम बघत राहावं असं आहे. मी इंदूरला जाऊन आले आहे. डोळे दिपतात, खोटं कशाला बोलू. पण दर्शन घेताना मला असंख्य मूर्तींच्या मधे असंख्य वेळा मीच दिसत होते, साडीचा पदर नीट करताना. माझं मन तिथे बसलं नाही. ज्यांचं बसतं त्यांना माझा नमस्कार.

तर कंदील. आठ दिवसांचे वीस झाले, मग दीर म्हणाले, "वहिनी, ठरवा काय ते. ते फोन करतायत." मी संगमनेरला जुन्या बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात विचारून काच आणली होती. प्रभाकरची नाही, पण बसते, थोडी सैल. रॉकेल तेव्हा रेशनवर मिळत नव्हतं, त्यामुळे कंदील लावायचा प्रश्नच नव्हता. व्यवहारानं बघितलं तर दिरांचं बरोबर होतं. दीड हजारात पर्युषणात पांजरपोळीला चारा गेला असता. दादीसांनाही ते चाललं असतं, असं मला खरंच वाटत होतं, आणि मी 'द्या' म्हणणार होते.

तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "टांगणार कुठे म्हणालास?"

"जेवणाच्या तंबूत. रात्री लोक बाहेर बसून जेवतात ना, तिथे."

"रात्री," सासूबाई म्हणाल्या.

दीर हसायला लागले. सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांना सांग, दिवसा जेवणाऱ्यांच्या डोक्यावर टांगणार असतील तर फुकट न्या."

त्यांचा पुन्हा फोन आलेला नाही. चाऱ्याचे दीड हजार मी माझ्या पैशातून दिले. कंदील दादीसांच्या खोलीतल्या खुंटीला आहे. काच महिन्यातून एकदा पुसते, कोरड्या फडक्यानं.